मावशीचे चौऱ्याण्णव नॉब

समजा, तुमच्या घराच्या दाराला चौऱ्याण्णव कड्या आहेत. कुठली कडी कशी निघते, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगू शकता. पण बाहेर पाहुणा उभा आहे आणि त्याला आत्ता आत यायचंय. करा बरं कल्पना. आता दाराच्या जागी एक काळी पेटी ठेवा, आणि तुमच्या जागी गिटार वाजवणारी एक मावशी.

पेटी मावशीच्या शेजारी स्टुलावर असायची. गिटारची वायर तिच्यात शिरायची आणि आवाज बाहेर पडताना रूप पालटून यायचा, कधी खरखरीत, कधी विहिरीत बोलल्यासारखा घुमणारा. पूर्वी अशा एकेका आवाजाला एकेक डबा लागे. आता सगळे डबे पेटीच्या पडद्यावर चित्रं होऊन बसले होते आणि प्रत्येक चित्राला आपापले नॉब होते. बारा पानं, चौऱ्याण्णव नॉब. मावशीला सगळे तोंडपाठ.

गेल्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये तिला आवाज जरासा मऊ करायचा होता. त्यासाठी ती सहाव्या पानावर गेली, तिथून नवव्या. तोवर गायिका पाणी प्यायली, तिने एक विनोद सांगितला, मग दुसरा सांगितला. तिसऱ्याला मागची रांग उठून गेली.

"तुझी पेटी लागेपर्यंत माझे केस पिकतात," आज तालीम संपल्यावर गायिका म्हणाली. "शनिवारी पुन्हा असं झालं, तर मी दुसरा गिटारवाला बघणार. मग रुसू नकोस."

"मला येत नाही असं वाटतं का तुला? कुठलंही पान काढ. डोळे मिटून सांगते."

"येतं गं बाई. तेच तर दुखणं आहे," असं म्हणून गायिका जिना उतरून गेली.

गॅरेजच्या वरच्या त्या खोलीत, भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या शांततेत, मावशी उरली आणि तिची दहा वर्षांची भाची. दिसेल ते गोळा करून ठेवायची, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. दोन आठवडे ती तालमीला येऊन एका कोपऱ्यात वही घेऊन बसायची. मावशीला वाटायचं, अभ्यास करतेय.

खारूताईने वही आणून पेटीवर ठेवली. पानावर ओळीने चौऱ्याण्णव नावं होती. काहींच्या पुढे पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या.

"हे काय?"

"तू नॉब फिरवलास की मी एक रेघ मारायचे."

मावशीने बोट फिरवलं. घुमारा, एकेचाळीस. खरखर, तेहतीस. मऊपणा, एकोणतीस. आवाजाचा जोर, चोवीस. पुढे रेघा संपल्या. नुसते गोल होते, आणि बऱ्याच नावांपुढे तेही नव्हते.

"आणि हे गोल कसले?"

"फिरवलास आणि परत होता तिथंच आणून ठेवलास."

मावशी गोल मोजायला लागली आणि विसाव्या गोलावर थांबली.

"म्हणजे बाकीचे नव्वद मी काय उगाच शिकले?"

"तसं नाही गं मावशी. ते असू देत आत. हे चार तेवढे पहिल्या पानावर आण. आपल्याला हवे ते नॉब ठेवायचं ते पान रिकामंच आहे, मी पाहिलंय."

"ते शिकाऊ लोकांसाठी असतं."

खारूताईने वही तशीच उघडी ठेवली. मोठ्या माणसांना कधी कधी थोडा वेळ द्यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं.

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी एक गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. मावशीने पहिलं पान उघडलं. "बरं. खरखर पहिली ठेव. माझा हात आधी तिकडेच जातो."

"नाही जात. वहीत बघ. आधी घुमाऱ्याकडे जातो."

"मास्तरीणबाई," मावशी म्हणाली आणि घुमारा पहिला ठेवला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिलं गाणं संपलं. गायिकेने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, लोकांकडे वळली आणि म्हणाली, "एकदा काय झालं, एक माणूस..."

गिटार सुरू झाली होती. मऊ, जशी हवी तशी. गायिकेने बाटली खाली ठेवली आणि तो माणूस तिथंच सोडून गाण्यात शिरली. लोक हसले, मग ऐकू लागले.

मध्यंतरात पडद्यामागे तिने मावशीला गाठलं. "आज काय जादू केलीस?"

"मी नाही, हिने," मावशीने खारूताईला खांद्याला धरून पुढे केलं. वाद्यं हलवणारे दोघे जवळून जात होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "मला चौऱ्याण्णव येतात. त्यातले चार कुठले, ते माझ्या भाचीला कळतं."

गायिका खारूताईच्या डोक्यावर टपली मारून निघून गेली. वाद्यं हलवणारेही गेले. मावशीने इकडे तिकडे पाहिलं, हळूच पेटीचं नववं पान काढलं, एक नॉब उजवीकडे फिरवला, एक तार छेडली, मान तिरकी करून ऐकलं आणि तो परत होता तिथंच आणून ठेवला.

खारूताईने वही उघडली. पेन्सिल त्या नावापुढे नेली. मग मावशीकडे बघितलं, आणि काही न लिहिता वही मिटून दप्तरात ठेवली.