ऐंशी टक्के

पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर मेहुणी त्याच्या दारात आली. तेव्हा त्याच्या फोनची बॅटरी ऐंशी टक्के होती.

"भावोजी, ताई गेली. दम्याचा पंप संपला होता."

त्याला खरं वाटेना. बायको पुरामुळे बहिणीकडे अडकली होती, एवढंच. त्याने फोन पुढे केला. आदल्या संध्याकाळचा तिचा निरोप त्यात होता. मी बरी आहे. वेळेवर जेवा. सारखं फोनमध्ये डोकं घालून बसू नका.

"तुम्हाला तेवढंच लिहिलं. शाळेला लिहिलं, पंप घेऊन होडी पाठवा. तुम्हाला कळवू देईना. म्हणाली, कळलं तर पाण्यात उडी टाकतील, आणि पोहता तर येत नाही."

पुरात मोबाइलचा टॉवर पडला होता, वीज गेली होती. शाळेतल्या बाईंनी होडीतून घरोघरी फिरून फोनमध्ये एक सोय करून दिली होती. निरोप एका घरातल्या फोनवरून शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्या, असा टेकडीवरच्या शाळेपर्यंत जायचा. शाळेत डॉक्टर होते. दुसऱ्याचा निरोप आपल्या फोनमधून जायचा, पण वाचता यायचा नाही. बॅटरी मात्र आपली जळायची. "मध्येच कुणी बंद करू नका," बाई बजावून गेल्या होत्या.

दुपारी शेजारचा शिंपी आला. बाईंनी त्याचा फोन तपासला होता. शाळेकडे निघालेला निरोप तिथवर येऊन अडकला होता.

"दादा, माझ्यामुळे झालं," शिंपी रडायलाच लागला. "फोन नाही, भंगार आहे ते. आमची ही कधीची म्हणत होती, टाकून द्या. वहिनींना मी मारलं."

"तुझा काय दोष," तो म्हणाला.

शिंप्याने त्याचे पाय धरले. त्याने धरू दिले.

शिंप्याच्या घराच्या पुढे, वळणावर एकच घर होतं, त्याचं स्वतःचं. तिथूनच निरोप टेकडीकडे जायचे. त्याचा फोन बाईंनी मागितला नाही. अशा दिवशी कोण मागणार?

आदल्या दुपारी लोकांचे निरोप वाहून त्याची बॅटरी भराभर उतरायला लागली होती. मी काय गावाचा पोस्टमन आहे, असं म्हणून त्याने दुसऱ्यांचे निरोप पुढे पाठवायचं बटण बंद केलं होतं. स्वतःचे येत होते. बायकोचा निरोप येईपर्यंत फोन टिकायला हवा होता.

टॉवर पुन्हा उभा राहिला. शिंप्याने एक शिलाई मशीन विकून नवा फोन घेतला. येता-जाता तो दाखवतो. म्हणतो, "दादा, आता कुणाचं काही अडकणार नाही."

तो मान हलवतो. बटण त्याने शिंपी रडून गेला त्याच संध्याकाळी चालू केलं. शिंप्याला सांगायचं अजून राहिलं आहे.