बॉयलरची फुसफुस

अर्धं आयुष्य शिडाच्या जहाजावर काढलेल्या खलाशाला आगबोटीवर बॉयलरचं काम मिळालं. बोट धक्क्याला लागली की डबा घेऊन येणारी त्याची बायको मात्र ती सततची फुसफुस ऐकून दारातच थिजायची.

"अगं, वादळाला न भिणाऱ्याची बायको तू, अन् किटलीला भितेस?" नवरा चिडवायचा.

"वहिनी, जादा वाफ त्या झडपेतून बाहेर पडते," बोटीवरचे मिस्त्री समजवायचे. "फुसफुस चालू आहे तोवर बिनधास्त राहा!"

आज ती आली, तर भट्टी नेहमीसारखी धडधडत होती, पण फुसफुस बंद! तिने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्याने हसत वर बोट दाखवलं.



"तुला भीती वाटते ना, म्हणून ती झडपच शिडाच्या दोरीने करकचून बांधून टाकली!"