सासूबाईंचं सिम

नवरा आम्हा दोघींना सोडून गेला, तेव्हा जाताना सासूबाईंच्या मोबाइलमधलं सिमही काढून घेऊन गेला. ब्रोकरकडचं खातं त्याने त्यांच्याच नावावर उघडलं होतं. शेअरचे चालू भाव थेट खेचून आणणारा त्याचा लाडका प्रोग्रॅम, रोज सकाळी त्या नंबरवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय सुरूच होत नसे.

पुढे सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. मी फोन करकरून थकले, पण पठ्ठ्याने एकदाही उचलला नाही.

काल त्या वॉकर टेकत माझ्याबरोबर मोबाइलच्या दुकानात आल्या. "सिम हरवलंय, त्याच नंबरचं दुसरं द्या," म्हणाल्या. नंबर त्यांच्याच नावावर, त्यामुळे काम चुटकीसरशी झालं.

आज बाजार उघडायच्या तोंडावर फोन वाजला. सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"आई, ओटीपी आलाय ना तुझ्याकडे? लवकर सांग!" ना तब्येतीची चौकशी, ना काही. "भाव दिसत नाहीयेत, काल घेतलेले शेअर अडकलेत. देशोधडीला लागेन मी!"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी! तुझा मुलगा!"

सासूबाईंनी चष्मा लावला, स्क्रीनवरचा आकडा सावकाश वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या.



"माझ्या मुलानेच मला बजावून ठेवलंय, ओटीपी अनोळखी माणसाला सांगायचा नाही."