माजघरातलं पेव

"पेव उघडल्याबिगर मी खांबाला हात लावणार न्हाय," दगडोबा गवंडी म्हणाला. "आतून कड खचलीय. उद्या माळवद खाली आलं तर मला बोल लावू नका, मालक."

महांतप्पानं वर बघितलं. माजघरातला मधला खांब चार बोटं खाली गेला होता. वरची तुळई वाकली होती आणि तुळईवर हातभर मातीचं छत होतं. त्याच छताखाली त्याचा तीन महिन्यांचा नातू पाळण्यात निजायचा. काल पाळण्यात ओंजळभर माती पडली होती.

भूमच्या पेठेतलं हे आठ खणांचं घर महांतप्पाच्या आज्ज्यानं बांधलं. धान्याची पेवं लोक घराबाहेर खणतात. आज्जा बेरकी. दरोड्याच्या भीतीनं त्यानं पेव माजघरातच काढलं, दोन पुरुष खोल, आणि तोंड परातीएवढं. पुढं निजामाची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली आली. जोंधळा शोधणारे सरकारी गिरदावर सारं घर उलथं करून दमले आणि त्याच पेवावरच्या घोंगडीवर बसून चहा पिऊन गेले. ही गोष्ट महांतप्पा आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. गेली अकरा वर्षं त्यानं ती कुणालाच सांगितली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वीचा तो पोलीस ॲक्शनचा आठवडा होता. रझाकार पळून गेले होते आणि त्यांच्या पापाचा जाब लोक मुसलमान शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरत होते. शेजारचा मस्तान पिंजारी भरदुपारी मागच्या दारानं आत आला. एकटा जीव. जन्मात त्यानं कापसाशिवाय कुणाला पिंजलं नव्हतं. महांतप्पाची बायको नीलम्मा तेव्हा विहिरीवर होती. महांतप्पानं त्याला पेवात उतरवलं, तोंडावर फरशी ओढली, बोटभर फट ठेवली. "दिवस मावळला की काढतो," असं सांगितलं.

तेवढ्यात पेठेत आरडाओरडा उठला. शेताकडं जातो म्हणून निघालेला हा शूर गडी थेट सासुरवाडीला जाऊन थांबला. बायकोला पेवातल्या माणसाबद्दल एक शब्द सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी परतला तेव्हा फरशी होती तिथंच होती. बोटभर फटीवर बंद पेवात माणूस किती टिकतो, हे धान्याच्या व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गावात अजून घराघरांत शोध चालू होता. त्यानं शेणमाती कालवली आणि फरशीच्या कडा आपल्या हातानं लिंपून टाकल्या. जन्मात शेणाला बोट न लावलेला नवरा सारवताना बघून नीलम्मा दारातच थबकली.

"घूस लागलीय," तो म्हणाला.

तिनं पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर महांतप्पा माजघरात कधी जेवला नाही. लिंगपूजासुद्धा ओसरीवर करू लागला. मस्तानचं घर हळूहळू बसलं, त्यावर एरंड उगवला, आणि तिकडं बघायला नको म्हणून महांतप्पा बाजाराला लांबच्या बोळानं जाऊ लागला. लोक म्हणत, वय झालं. पण त्याला आतून वाळवी लागली होती.

आता खांबानंच त्याला कोंडीत धरलं होतं. पेव उघडावं तर आत मस्तान. न उघडावं तर नातवाच्या डोक्यावर माळवद.

"उघड," तो म्हणाला.

दगडोबानं पहारीनं फरशी उचलली आणि वारा खेळायला तोंड दुपारपर्यंत उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. दिवा विझला तर हवा विषारी, मग पेवात माणूस उतरत नाही. दिवा जळत राहिला. दगडोबा उतरला. महांतप्पानं भिंत धरली, डोळे मिटले आणि शिव्याशाप ऐकायची तयारी केली.

"मालक," खालून आवाज आला, "पार तळापातूर रिकामं हाय."

महांतप्पानं वाकून पेवात बघितलं. दगडोबा वर आला, कंदील ठेवून पेव भरायला दगड आणायला गेला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून नीलम्मा हळू आवाजात बोलली.

"मस्तानभाई बार्शीला हायती. पिंजायचं दुकान काढलंय. तुम्ही गेला त्या दिशी मी पाणी घिऊन आले, तर फरशीखालून खोकला ऐकू आला. दोर सोडून वर घेतलं अन् फरशी परत ओढली. सांजंला माझं लुगडं नेसवलं अन् गाडीत बसवून धाडलं त्यांना."

महांतप्पा लहान पोरासारखा रडला. रडता रडता हसला. आपण खुनी नाही, हे त्यानं दोनतीनदा पुटपुटून बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या घराचं माजघर आपलं वाटलं. मग त्याला राग आला.

"अगं, मग मला सांगायचं तरी. अकरा वर्षं जळतोय मी. एवढं काळीज घट्ट केलंस?"

नीलम्मानं पाळण्यातली माती झटकली.

"सांगणारच व्हते. तुमची वाट बघत तीन दिवस दारात बसले. तुम्ही आला. एक हाक मारली न्हाय, फरशीला कान लावला न्हाय, शेण कालवलं अन् लिंपाय बसला. पेव रिकामं हाय, ते मला ठावं व्हतं. तुम्हाला ठावं न्हवतं."