वाराचा रकाना

अकरावा डाग डाव्या दंडावर, आतल्या बाजूला. बाबांनी तो तक्त्यात लिहिला आणि पेन खाली ठेवलं. पुढचा लिहिण्याआधी त्यांना जरा दम खावा लागला.

उद्या दहा वाजता रक्तविकारांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. लेकीच्या अंगावर वर्षभर काळेनिळे डाग उठत होते. काही लागलं नाही, आपटलं नाही, आपोआप उठतात, असं ती सांगायची. नेहमीच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, म्हणून त्यांनीच तिकडे धाडलं होतं. येताना डागांची तारीखवार यादी आणा, असा दवाखान्याचा निरोप होता. लेकीने ती वहीच्या पानावर लिहून आणली आणि बाबांपुढे ठेवली.

"तुमच्या तक्त्यात बसवून द्या, बाबा. तुम्हालाच नीट जमेल."

जमणारच. बस आगारात सव्वीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या तेच लावत होते. तिथे सगळे त्यांना तक्तेवाले म्हणत. कोणाची पाळी कधी आणि सुट्टी कधी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. जावईही तिथलाच ड्रायव्हर. सात वर्षांत एकदाही उशिरा आला नाही, म्हणून त्यांनीच लेकीसाठी हेरून ठेवलेला.

पण आज त्यांच्याकडून खाडाखोड होत होती. आईमागे एकट्याने वाढवलेली पोर. रक्ताचा आजार हे शब्द ऐकल्यापासून त्यांची पाचावर धारण बसली होती. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. त्यांच्या मनाने तर रक्ताच्या किती बाटल्या लागतील, आपला गट जुळेल की नाही, इथपर्यंत मजल मारली होती.

लेक समोर बसून बॅग लावत होती. एका तपासणीसाठी तिने आठ जोड कपडे आणले होते.

"काही निघालं तर ठेवून घेतात ना?" तिने विचारलं. "किती दिवस ठेवतात?"

हे तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं. पोर भेदरली आहे, या विचाराने बाबांना गलबलून आलं.

"काही निघायचं नाही गं," ते म्हणाले. "सगळं ठीक असलं की परवाच जावईबापू येऊन घेऊन जातील तुला. फोन होता त्यांचा."

ती घडी केलेला कुर्ता मोडून पुन्हा त्याची घडी घालू लागली.

यादी उतरवून झाली. मग बाबांनी हाताच्या सवयीने पट्टी घेतली आणि एक रकाना वाढवला. तारखेपुढे वार नसेल तर त्यांच्या लेखी तो तक्ताच नव्हे. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि वार भरायला लागले.

बुधवार. बुधवार. पुन्हा बुधवार.

आजार वार बघून येतो, असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मध्ये तीन आठवडे एकही डाग नव्हता. गेल्या दोन महिन्यांत मात्र शनिवारही सुरू झाले होते.

बाबांचा हात थांबला. बुधवार ही जावयाची साप्ताहिक सुट्टी. ते तीन आठवडे तो लांबच्या गाडीवर होता. आणि शनिवारची जादा सुट्टी त्याला त्यांनीच दिली होती, चार जणांच्या ड्यूट्या इकडच्या तिकडे करून. बायकोला बरं नाही, तिच्याजवळ थांबा, असं वर सांगितलंही होतं.

एवढं तर त्यांच्या मनानेही चिंतलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. लेक त्यांच्याकडेच बघत होती. कुर्ता तिच्या हातात तसाच होता.

"वार भरून झाले, बाबा?"

त्यांनी मान डोलावली.

"मग खरं सांगा." तिने कुर्ता बॅगेत ठेवला. "उद्या रक्तात काही निघालं नाही, तर मला परत पाठवाल?"