बाबका

परक्या समुद्रातून येऊन सारा उपसागर व्यापलेल्या त्या माशाला हेलच्या बंदरात ‘बाबका’ म्हणतात, म्हणजे आजी. अंडी चिकटलेल्या नळीच्या तुकड्यासकट असा एक मासा बादलीत घालून विटोल्ड घरी आला.

“आजी कसली, बाप आहे हा! उपाशी राहून अंडी राखतो, म्हणून तर एवढी माजलीय ही जात. आणि गंमत बघ, यातल्या कित्येक अंड्यांचा बाप भलताच असतो. चोरून येतो नि जातो.”

बाळाला थोपटणारा क्लाराचा हात थबकला. बाळ याचं नाही, हे कुणी सांगितलं की काय याला?

“राखणाऱ्याला कळत असेल?” तिने जपून विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” विटोल्ड म्हणाला आणि त्याने हात पुढे केले. “दे आपल्या पोरीला इकडे. तुझं सूप गार होतंय.”