अजून एक

उत्खननाच्या खड्ड्यात आईच्या कुशीत तान्हं बाळ होतं. दोघांची फक्त हाडं उरली होती. फोटोग्राफर निवासनं शेजारी मापाची पट्टी ठेवून कॅमेरा उचलला, तोच माती झाडणाऱ्या हौसामावशींनी झाडलेल्या जागेवर मुद्दाम पाय ठेवला. तिसऱ्यांदा.

"मावशी, ठसा उमटला की फोटो वाया जातो हो."

"फोटो झाला की यांना उचलणार ना? वेगवेगळ्या पेट्यांत?"

"हो. दर सांगाड्याला वेगळी पेटी, नियमच आहे."

"मग नको ना काढूस, लेकरा."

उत्खननाच्या प्रमुख मॅडम दोन पेट्या घेऊन काठावर उभ्याच होत्या. निवासनं खाली वाकून मावशींचा ठसा स्वतः ब्रशनं पुसला.

एक फोटो पुरला असता. त्यानं दहा काढले.

"झालं का?" मॅडमनी विचारलं.

"अजून एक," तो म्हणाला.